पथ्य आणि औषध : कोल्हापूर परिसरातील एचआयव्ही-उपचाराच्या इतिहासात आहाराचे स्थान

रोगाचा इतिहास बहुधा औषधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रोगाचे कारण केव्हा कळले, त्यावरील औषध कोणी सिद्ध केले, ते किती रुग्णांपर्यंत पोहोचले, या प्रश्नांची उत्तरे सरकारी अहवालांत सापडतात व त्यांची सनावळीही लावता येते. त्याच काळात रुग्णाच्या ताटात काय होते, औषध घेऊन तो पुन्हा कामावर जाऊ शकला काय, घरच्या पंगतीत त्याला पूर्वीची जागा मिळाली काय, हे प्रश्न मात्र मागे पडतात. कोल्हापूर व त्याच्या शेजारचा सांगली-मिरजेचा भाग यांच्या पुरता विचार केला, तर एचआयव्हीच्या उपचाराचा इतिहास आहाराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही असे दिसते. अन्नावाचून औषध आणि औषधावाचून अन्न, या दोन्ही टोकांच्या चुका गेल्या शतकात जगाने करून पाहिल्या आहेत. त्यांचा मागोवा घेतल्यास आजच्या रुग्णाच्या जीवनमानाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

या प्रश्नाची पूर्वपीठिका क्षयरोगाच्या इतिहासात आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरज येथे मिशन रुग्णालय सुरू केले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिरज व सांगली यांच्या दरम्यान, आज वान्लेसवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर परिणामकारक औषध नव्हते, त्या काळात अशा आरोग्यधामांतील उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न हाच होता. दूध, अंडी व वेळेवर मिळणारे दोन वेळचे जेवण यांनाच औषधाची प्रतिष्ठा होती. ज्याला घरी हे मिळणे शक्य नव्हते त्याला आरोग्यधामात जागा मिळणे म्हणजे जगण्याची संधी मिळणे होय, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीस धक्का दिला तो मद्रास येथील प्रयोगाने. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ साली तेथे क्षयरोग-औषधोपचार केंद्र स्थापन झाले. शहरातील गरीब रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास आरोग्यधामात ठेवले व दुसऱ्यास घरीच राहू दिले. औषधे दोन्ही गटांस सारखीच, आयसोनियाझिड व पीएएस ही, वर्षभर देण्यात आली. घरी राहिलेले रुग्ण दाटीवाटीच्या वस्तीत राहत होते, कमी व निकृष्ट अन्न खात होते आणि अधिक श्रम करीत होते. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील रोगमुक्तीचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. या एका निष्कर्षाने गरीब देशांतील क्षयोपचाराची दिशा बदलली. आरोग्यधामे ओस पडू लागली आणि घरी राहून उपचार घेण्याची पद्धत रूढ झाली. लक्षावधी गरिबांस त्यामुळे उपचार मिळू शकले, ही गोष्ट निर्विवाद आहे.

तथापि या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन घरच्या रुग्णांपेक्षा अधिक वाढले होते, ही नोंद त्याच अभ्यासात आहे. थुंकीतील जंतू नाहीसे होणे हा यशाचा निकष मानल्यामुळे ती नोंद दुय्यम ठरली. औषध चांगले असल्यास अन्न कमी पडले तरी जंतू मरतात, एवढेच मद्रासने सिद्ध केले होते. जंतू मेल्यानंतर माणसाच्या अंगी किती बळ उरते, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर होता. पुढील काळात मात्र या मर्यादित निष्कर्षाचा अर्थ पुष्कळदा असा लावला गेला की, आहार ही रुग्णाच्या घरची बाब असून उपचारयंत्रणेचा तिच्याशी संबंध नाही. एचआयव्हीचा प्रादुर्भाव झाला तेव्हा वैद्यकीय व्यवस्थेच्या मनावर हाच संस्कार होता.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाने उघडकीस आणला. नंतरच्या दशकात महाराष्ट्र हे सर्वाधिक बाधितांचे राज्य ठरले व त्यात मुंबई-पुण्याबरोबर दक्षिणेकडील सांगली, कोल्हापूर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांचा समावेश होता. या भागाच्या आर्थिक घडणीत त्याची काही कारणे सापडतात. पुणे-बंगळूर महामार्ग या पट्ट्यातून जातो. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर दूरदूरचे कामगार कुटुंबे गावी ठेवून येतात. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या व वाहतुकीच्या गाड्या महिनोन्‌महिने फिरत असतात. ज्या व्यवसायांनी या भागास सुबत्ता दिली, त्यांच्याच मार्गाने हा संसर्गही आला. सांगली येथे १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेने वेश्यावस्तीतील स्त्रियांच्या सहभागाने प्रतिबंधाचे काम सुरू केले व १९९६ मध्ये त्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभी राहिली. हे काम पुढे कोल्हापूर जिल्ह्यात व सीमेपलीकडे निपाणीपर्यंत पसरले.

त्या काळी या रोगाची ओळख रुग्णाच्या शरीराच्या झिजण्यावरून होत असे. युगांडातील खेड्यांत १९८५ च्या सुमारास त्यास ‘स्लिम’, म्हणजे कृश करणारा रोग, असेच नाव पडले होते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, दीर्घकाळच्या जुलाबांसह वा तापासह दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे हे एड्सचे लक्षण मानले गेले. या झिजेची कारणे अनेक आहेत. विषाणूशी सतत चाललेल्या झुंजीमुळे शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय वाढतो. आतड्याच्या अस्तरातील रक्षक पेशी सर्वांत आधी नष्ट होत असल्याने अन्नातील स्निग्धांश व इतर पोषक घटक नीट शोषले जात नाहीत. तोंडात व घशात बुरशीचा संसर्ग झाला की घास गिळणे अवघड होते. त्यातच क्षयाची जोड मिळाल्यास भूक नाहीशी होते. रोज ठेचा-भाकरी वा झणझणीत रस्सा खाणाऱ्या कोल्हापूरकडील माणसास तोंडातील व्रणांमुळे आपले नेहमीचे जेवणच परके व्हावे, आणि मऊ भात, नाचणीची आंबील वा ताक यांवर दिवस काढावे लागावेत, असा हा रोग होता. औषध परवडत नसल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यात ‘चांगले खा, विश्रांती घ्या’ यापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. आरोग्यधामांच्या काळातील उपचार अशा रीतीने परत आला होता. मात्र या वेळी त्यामागे आरोग्यधामही नव्हते व दूध-अंड्यांची तरतूदही नव्हती.

औषधांच्या बाजूने निर्णायक वर्ष १९९६ होय. तीन औषधांच्या संयोगाने विषाणूची वाढ रोखता येते, हे त्या वर्षी व्हँकुव्हर येथील परिषदेत जगापुढे आले. पण या उपचाराचा वार्षिक खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तोच उपचार स्वयंसेवी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला सुमारे एक डॉलर या दराने देऊ केला, तेव्हा गरीब देशांतील चित्र पालटले. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांत होते. नंतरच्या काळात अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. कोल्हापुरात संस्थानकालीन आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाचा वारसा सांगणाऱ्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, लोकांच्या बोलण्यातील ‘सीपीआर’मध्ये, हे केंद्र चालते. चंदगडसारख्या तालुक्यातून तेथे येण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. औषध मोफत असले तरी एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे हा त्याचा खर्च रुग्णाच्या जेवणातूनच निघत असे.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत नेमकी विरुद्ध चूक घडत होती. तेथील आरोग्यमंत्री मँटो चबालाला-मसिमांग यांनी लसूण, बीट व लिंबू यांची महती गायिली, तर औषधांविषयी संशय पसरविला. २००६ साली टोरंटो येथील परिषदेत त्या देशाच्या दालनात हेच पदार्थ मांडून ठेवले होते. औषधोपचारास झालेल्या विलंबामुळे २००० ते २००५ या काळात तेथे तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केला. अन्न औषधाची जागा घेऊ शकत नाही, याचा याहून दारुण पुरावा मिळणे कठीण. आहाराचे महत्त्व सांगणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानी ठेवली पाहिजे. कारण महाराष्ट्रातही चमत्कारिक काढे व चूर्णे यांच्या जाहिरातींना बळी पडून औषध सोडणाऱ्यांचे नुकसान अशाच समजुतीमुळे होते.

आहाराचे नेमके प्रयोजन काय, याविषयी शास्त्रीय मत २००३ सालापासून स्थिरावू लागले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने असे मत दिले की, लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढास सामान्य गरजेपेक्षा सुमारे १० टक्के, तर लक्षणे असलेल्यास २० ते ३० टक्के अधिक ऊर्जा लागते. वजन घटत असलेल्या बालकांची वाढीव गरज ५० ते १०० टक्क्यांपर्यंत जाते. प्रथिनांचे प्रमाण समतोल आहारापेक्षा वाढवावे असा पुरावा मात्र मिळालेला नाही. याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. लक्षणे नसलेल्या माणसाला महागड्या प्रथिनचूर्णाची नव्हे, तर दिवसाकाठी आणखी एखादी भाकरी, मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा यांची गरज असते. पूरक आहारामुळे मृत्यूचे प्रमाण घटते काय, याविषयी पुरावा अद्याप अपुरा आहे. पण उपचार सुरू करताना जो रुग्ण अतिकृश असतो त्याचा पहिल्या काही महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका कितीतरी अधिक असतो, हे सिंगापूर व आफ्रिका येथील अभ्यासांत पुनःपुन्हा दिसले आहे. भारतात आरंभीच्या काळात सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच सामान्यतः औषध सुरू होई. त्यामुळे अनेक रुग्ण केंद्राच्या दारी पोहोचत ते आधीच झिजलेल्या शरीराने. २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले, त्याचा एक लाभ हाच की शरीर खचण्यापूर्वी औषध हाती पडू लागले.

औषधे बदलत गेली तशी पथ्येही बदलली. पहिल्या पिढीतील स्टॅव्ह्युडीन या औषधाने अनेकांस जीवदान दिले, परंतु दीर्घकाळ घेतल्यास गालांतील व हातापायांतील चरबी वितळे, पोट सुटे व तळपायांना मुंग्या येत. ज्याने आजार गुप्त ठेवला होता त्याचे बसलेले गालच तो उघड करीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. झिडोव्ह्युडीनमुळे काही रुग्णांत रक्तक्षय होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, हे लक्षात घेता या औषधाचा भार स्त्रियांवर किती पडला असेल याची कल्पना येते. पुढे आलेले एफाविरेन्झ रात्री झोपताना, पोट हलके असताना घ्यावयाचे असे. स्निग्ध जेवणानंतर ते घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढून भोवळ येणे, विचित्र स्वप्ने पडणे असे त्रास बळावतात. मटणाच्या जेवणावळीनंतर लगेच ही गोळी घेऊ नये हा सल्ला कोल्हापुरात विशेषच महत्त्वाचा होता. अलीकडील डोल्युटेग्राविरला असे बंधन नाही. मात्र लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी त्याच्यासोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. म्हणून ते त्यापूर्वी दोन तास वा नंतर सहा तासांनी घ्यावे, अथवा सर्व गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात असे सांगितले जाते. गरोदर स्त्रियांस लोह व कॅल्शियम दोन्ही दिले जात असल्याने ही सूचना वरवर दिसते तितकी किरकोळ नाही.

उपचार यशस्वी होऊ लागला तसा प्रश्नाचा रोखही बदलला. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख व महाराष्ट्रात जवळजवळ चार लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. नियमित औषध घेणाऱ्याचे आयुर्मान आता इतरांच्या जवळ येऊ लागले आहे. त्यामुळे पूर्वी कृशतेशी झगडणाऱ्या दवाखान्यांपुढे मधुमेह, रक्तदाब व वाढते वजन हे प्रश्न उभे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील २०१९ सालच्या एका अभ्यासात डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन लक्षणीय वाढलेले दिसले. गूळ, साखर व म्हशीच्या दुधाची रेलचेल असलेल्या जिल्ह्यात ‘भरपूर खा’ हा जुना सल्ला आता सर्वांस सरसकट देता येणार नाही. एकाच केंद्राच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन रुग्णांस परस्परविरुद्ध आहार सांगावा लागतो, ही आजची स्थिती आहे.

जीवनमान हा शब्द येथे नेमकेपणाने घेतला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांसाठी तयार केलेल्या ३१ प्रश्नांच्या मापनावलीत शारीरिक व मानसिक स्थिती, स्वावलंबन, सामाजिक संबंध, परिसर आणि श्रद्धा अशी सहा अंगे धरली आहेत. ताटातील अन्न या सहाही अंगांना स्पर्श करते. अन्न मिळाले तर काम होते, काम झाले तर मिळकत होते. पंगतीत बसू दिले तर माणूस समाजात असतो. वेगळे ताट, वेगळा तांब्या दिला तर तो घरात असूनही घराबाहेर असतो. भांड्यांतून वा एकत्र जेवणातून हा संसर्ग होत नाही, हे शास्त्राने केव्हाच स्पष्ट केले आहे. तरीही ही भीती घराघरांत टिकून राहिली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स अधिनियमाने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, बाधित स्त्रियांना व अठरा वर्षांखालील मुलांना सामायिक घरात राहण्याचा आणि तेथील सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क दिला. घराच्या सोयींत स्वयंपाकघरही येते. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या सुनेला, आणि पतीच्या निधनानंतर सासरच्या शिधापत्रिकेवरून नाव निघण्याच्या भीतीत जगणाऱ्या विधवेला या कलमाचे मोल सर्वांत अधिक आहे.

राज्यसंस्थेने आजाऱ्याच्या व निर्धनाच्या अन्नाची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना कोल्हापुरास नवीन नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. आज ती जबाबदारी अनेक योजनांत विभागली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र एचआयव्हीबाधितांचा समावेश असून २०२३ मध्ये तिचे मासिक अर्थसाहाय्य १,००० वरून १,५०० रुपये झाले. क्षयाची जोड असलेल्या रुग्णास निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात २०१८ पासून दरमहा ५०० व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. या दुसऱ्या योजनेमागील विचाराला २०२३ मध्ये बळकटी मिळाली. झारखंडमधील ‘रेशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना सकस शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तसेच पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यातील मृत्यू कितीतरी कमी होते. मद्रासच्या प्रयोगात दुय्यम ठरलेली वजनाची नोंद सहा दशकांनंतर अशा रीतीने पुन्हा मध्यवर्ती ठरली.

पुढील अभ्यासकास या इतिहासाचे एक मोलाचे साधन उपचारकेंद्रांतील रुग्णपत्रिकांत मिळेल. प्रत्येक भेटीत रुग्णाचे वजन त्यात नोंदले जाते, आणि तो कामावर जातो, नुसता हिंडता-फिरता आहे की अंथरुणास खिळला आहे हेही लिहिले जाते. रुग्णांची नावे पूर्णतः वगळून, गोपनीयतेचा कायदा पाळून, या नोंदींचा कालक्रमाने अभ्यास झाल्यास औषधाने किती जणांस जगविले यापलीकडे जाऊन, जगलेल्यांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले व केव्हा गेले, हे सांगता येईल. वजनाचा आकडा ताटाविषयी स्वतः काही बोलत नाही. तथापि गळीत हंगाम, महापूर, टाळेबंदी व अनुदानातील वाढ यांच्या तारखांशेजारी तो मांडला, तर जिल्ह्याच्या सुबत्तेतून आजाऱ्याच्या वाट्याला काय आले याचा हिशोब त्यातून निघू शकेल. दुधाचा सहकारी संघ १९६३ पासून असलेल्या व साखरेने संपन्न झालेल्या या जिल्ह्यास तो हिशोब अवघड वाटण्याचे कारण नाही.